मोरसच्या भाजीतलं मीठ

आमच्याकडे थंडी पडत नाही, येऊन नुसती डोकावून जाते. पहाटे पंखा एकवर आणायचा, चादर पायांवर ओढायची, आणि ऊन चढलं की पुन्हा तोच घाम. आपल्याला कळो न कळो, भाजीच्या गाडीला मात्र ती बरोब्बर कळते. परवा नाक्यावर गेले तर गाडीचा रंगच पालटलेला. कालपर्यंत दुधी आणि भोपळे पसरून बसलेला माणूस आज मेथी, शेपू, चाकवत, कांद्याची पात यांच्या मागे अर्धा झाकला गेला होता. जुड्यांवर नुकतंच पाणी शिंपडलेलं, मुळांना ओली माती. मी चाकवताची जुडी उचलली, नाकाशी धरली आणि तशीच उभी राहिले. शेवटी तोच म्हणाला, "ताई, घ्यायचीय का नुसता वासच घ्यायचाय?"

"वासाचे वेगळे घेतोस का रे?" मी म्हटलं.

तो हसला. त्याला काय सांगणार, की ओला पाला नाकाशी धरला की मी या नाक्यावर राहतच नाही. मी कोपरखैरण्याच्या एका बैठ्या घराच्या ओट्यावर जाऊन बसते. मी सहावीत असते, माझ्या गुडघ्यावर खपली असते, आणि समोर आई पाय पसरून मेथी निवडत असते, तोंडानं सगळ्या नवी मुंबईला नावं ठेवत.

भाजीचा घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला, त्याच्या पुढच्या वर्षातली ही गोष्ट. माझे वडील, आण्णा, त्या बाजारात पालेभाजीच्या गाळ्यांवर हमाली करायचे. त्याआधी कितीतरी वर्षं ते मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीवर राहायचे आणि खानावळीत जेवायचे. आम्ही गावी, साताऱ्याच्या पूर्वेला, पाऊस जिथे पत्ता चुकल्यासारखा वागतो त्या बाजूला. आण्णा यायचे दिवाळीला आणि जत्रेला. आले की पहिले दोन दिवस मी त्यांना लाजायचे, तिसऱ्या दिवशी त्यांच्या अंगाखांद्यावर, आणि मग ते निघायचेच. बाजार तुर्भ्याला आला तशी त्यांनी कोपरखैरण्यात एक खोली घेतली, पुढे ओटा, मागे मोरी. त्या दिवाळीत घरी येऊन ते आईला म्हणाले, "खोली हाय आता." एवढंच. बाकीचं आईनं समजून घ्यायचं.

आईनं समजून घेतलं, पण आपल्या अटीवर. "संक्रांतीपतूर बघते," ती म्हणाली. "न्हाई जमलं तर मी आन् मंदी माघारी. जोंधळा काढायला मला गावी असाया पायजे." मंदी म्हणजे मी. थोरल्या ताईचं लग्न होऊन गेलं होतं, आजी-आजोबा वारले होते, शेताकडे काका होते. पण काकांच्या हातून जोंधळ्याचं एक कणीसही नीट निघणार नाही अशी आईची खात्री होती. आण्णांनी मान हलवली. आण्णांची मान हलणं हीच एक भाषा होती, आणि तिला व्याकरण नव्हतं. हो म्हणतात की बरं म्हणतात की ऐकलंच नाही, देव जाणे.

म्हणजे माझ्याजवळ एक हिवाळा होता. आई या गावात रमली तर मला वडील मिळणार होते, रोजचे, जेवायला शेजारी बसणारे. नाही रमली तर पुन्हा दिवाळी आणि जत्रा. दुसरं मला काही नको होतं. इथली शाळा बरी होती, मैत्रिणी बऱ्या होत्या, पण मला आण्णा हवे होते. ते घरात असले की काही बोलायचे नाहीत, तरी ते असले की घर भरल्यासारखं वाटायचं.

आण्णा पहाटे जायचे आणि ऊन तापायच्या आत परतायचे; दुपारी पुन्हा गाड्या भरायला जायचे. खांद्यावर ओलं गोणपाट, आणि त्याच्या आत त्या दिवसाची भाजी. गोणपाट ओट्यावर उलगडलं की आधी एक गार वाफ यायची, मग वास. मेथीचा कडवट, शेपूचा तो घर सोडून जावंसं वाटायला लावणारा, अंबाडीचा आंबूस. मागच्या रस्त्यानं कारखान्यांचे ट्रक जायचे, वारा फिरला की तुर्भ्याकडून औषधासारखा काहीतरी दर्प यायचा, शेजारच्या घरात मोठ्यांदा टीव्ही चालायचा. या सगळ्याच्या मधोमध ओट्यावर तो हिरवा ढीग. मी त्यात हात घालून बसायचे. हात गार पडेपर्यंत.

आणि आईचं चालू व्हायचं. "ही मेथी? हिला रात्री ताप आला हुता वाटतं." "शेपू बघा, नुसता दांडगा वाढलाय, वासाचं नाव न्हाई." वासाचं नाव नव्हतं म्हणे! मी नाक धरून बसलेली असायचे. आण्णा मूग गिळून हात-पाय धुवायचे. दुसऱ्या दिवशी मात्र जुडी आदल्या दिवसापेक्षा कोवळी असायची. हे मला कळत होतं. आईला कळत होतं की नाही, ते मला कळत नव्हतं.

नावं ठेवायची, पण शिजवायची कशी! चाकवत ताकात घोटून, वरून लसणाची फोडणी, ती चर्रकन पडली की शेजारचा टीव्हीसुद्धा गप्प व्हायचा. अंबाडी जोंधळ्याच्या कण्या घालून, मधे खड्डा करून त्यात तेल. चुका डाळीत. कांद्याच्या पातीचा झुणका, तव्यावर खरपूस होईपर्यंत. मेथीची कोरडी भाजी भाकरीच्या पोटात भरून दिलेली, ती मी शाळेत नेली की बाकीच्यांचे पोळीचे डबे केविलवाणे दिसायचे. जेवताना आण्णा भाकरी मोडायचे, भाजीला लावायचे, डोळे मिटायचे. इतक्या वर्षांच्या खानावळीनंतर त्यांना काय वाटत असेल, मला त्या वयातही कल्पना करता यायची. पण "छान झालीय" म्हणतील तर शपथ.

एक गोष्ट मात्र आई करत नव्हती. घोळाणा.

घोळाणा म्हणजे काही मोठं नाही. कोवळा पाला खुडायचा, मेथी म्हणा, करडई म्हणा, हरभऱ्याचे शेंडे म्हणा. कांदा, तिखट, मीठ, दाण्याचं कूट आणि वर कच्चं तेल. हातानं एकदा चुरायचं, पाला नरमला की थांबायचं. चूल नाही, फोडणी नाही. गावी आम्ही बांधावर बसून करायचो. हरभऱ्याच्या पाल्याला पहाटेच्या आंबट दवाची आंब असते, ती बोटांना चिकटते, मग मीठसुद्धा कमी लागतं. ऊन अंगावर, भाकरी मांडीवर, आणि आईच्या हाताला तेल आणि हिरवा रस लागलेला. त्या घोळाण्याची चव मला अजून झोपेत येते. खोटं वाटेल, पण उठल्यावर तोंडात करडईचा तुरटपणा असतो आणि मी काही वेळ बोलत नाही, तो जाऊ नये म्हणून.

"आई, घोळाणा कर की," मी म्हणायचे.

"ज्या मातीची वळख न्हाई तिचा पाला कच्चा खायचा न्हाई," ती म्हणायची. तिचा नियमच होता तो. शिजवलं की कुठलाही पाला आपला होतो, चूल त्याला सरळ करते. पण कच्चा पाला म्हणजे माती जशीच्या तशी पोटात घेणं. "ही भाजी कुठल्या गटाराच्या पाण्यावर वाढलीय, तुझ्या बापाला तरी म्हाईत हाय का?" बापाला माहीत नव्हतं. बापाच्या हातात जुडी ट्रकातून येत होती.

मी त्या वयात काय हिशोब केला असेल? ज्या दिवशी आई घोळाणा करील त्या दिवशी ती राहिली असं समजायचं. मी तसं मनाशी पक्कंच करून टाकलं आणि रोज ताटात डोकावू लागले. रोज शिजलेलं. चवीनं खायचे आणि मनातून खट्टू व्हायचे.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी हिराबाय आली. जुन्या गावातली आगरी बाई, आमच्या सेक्टरच्या पलीकडे तळ्याकाठी तिचं घर. डोक्यावर टोपली, केसात अबोलीचा भरगच्च वळेसर, कोपरापासून मनगटापर्यंत हिरवा चुडा. टोपलीत एक भाजी होती, तशी आम्ही जन्मात पाहिली नव्हती. बारीक, मांसल, बोटांसारखी पानं, कुठे हिरवी तर कुठे तांबूस. आईनं एक पान उचलून उन्हात धरलं.

"काय हाय ह्ये?"

"मोरस. खाडीवरची. उकड, पिल, पानी फेक, आन कांद्यावर परत. सुकट टाक जरा. आन मीठ नको टाकू हां."

आईनं घेतली. हिराबाय गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "मीठ नको टाकू म्हनं! मला भाजी शिकवाय आली. मिठाबिगर भाजी रोग्याला करत्यात."

आणि पाणी फेकायचं? आमच्या गावाकडच्या बाईला तुम्ही सोनं फेक म्हणा एक वेळ. आमच्याकडे डाळीचं धुवण म्हशीला, भांड्यांचं पाणी शेवग्याला, आणि पाला उकडलेलं पाणी तर आमटीत. "पाल्याचा समदा जीव त्या पान्यात असतुया," असं आईचं ठाम मत. तिनं मोरस उकडली, पाणी तिथेच आटवलं, कांदा-लसूण-मिरची घातली, सुकट घातली, आणि हिराबायच्या नाकावर टिच्चून मूठभर मीठ घातलं.

आण्णा जेवायला बसले. पहिला घास घेतला. मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले, मग मिटले, मग त्यांनी घास गिळला आणि तांब्या उचलला. दुसरा घास. पुन्हा तांब्या.

"कशी झालीया?" आईनं विचारलं.

"झालीया की," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता.

ताटातली भाजी त्यांनी संपवली, अगदी पुसून. तांब्याही संपवला. मग आईनं स्वतःच्या तोंडात घास घातला, आणि आगं आई गं, ती उठून मोरीकडे पळाली. खळाखळा चुळा भरल्या. परत आली ती लालबुंद.

"आवो, तोंडाला कुलूप घातलंय का तुमच्या? समिंदर खाल्लासा की! सांगायचं न्हाई व्हय?"

आण्णांनी मान हलवली.

मला हसू आवरेना आणि आईला राग आवरेना. आता इतक्या वर्षांनी मोठं माणूस म्हणून त्या जेवणाकडे बघते तेव्हा मला हसू येतं आणि मग हसवत नाही. आण्णांना वाटत होतं, भाजीला वाईट म्हटलं तर ही अजून दूर जाईल. म्हणून ते खात राहिले. बिचारे! खाडीची खाडी गिळली माणसानं, पण एक शब्द नाही.

दोन-चार दिवसांनी हिराबाय पुन्हा आली. आई तयारच होती. कमरेवर हात, पदर खोचलेला. "या, या! काय भाजी दिलीसा! मानूस मारायचा बेत हुता का?"

हिराबायनं टोपली ओट्यावर उतरवली, सगळं ऐकून घेतलं. पाणी आटवलं इथपर्यंत आल्यावर तिनं कपाळावर हात मारला, आणि मिठाशी आल्यावर ती जी हसायला लागली! भिंतीला टेकली, डोळ्यांतून पाणी, हातातला चुडा खळखळतोय. "अगो बाय माजे! अगो मिठागराची भाजी ती, तिच्या पोटानच मीठ हाय!" आई जरा वेळ तशीच उभी राहिली, गाल फुगवून. मग तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मग दुसरा. मग दोघी हसत बसल्या आणि मी दाराशी उभी राहून बघत राहिले. नवी मुंबईत आल्यापासून आई पहिल्यांदा हसत होती.

मग हिराबाय रोज दुपारी टेकायला लागली. तिच्याबरोबर दुपारी लांबल्या. उन्हं ओट्यावरून सरकत भिंतीवर जायची, भिंतीवरून पत्र्यावर, आणि त्या दोघींचं चालूच. ती सांगायची, जिथे आपण बसलोय तिथे भात व्हायचा, पलीकडे मिठागर, भरतीचं पाणी बांधापर्यंत यायचं. "ही तुजी चूल हाय ना, तिथं आमचं खलं होतं," ती अगदी सहज सांगायची, जसं कुणी माहेरचं दार दाखवावं. आई ऐकायची. शेत सोडून आलेली ही आणि शेत जिला सोडून गेलं ती, आणि मधे निवडायला घेतलेली तांदळी. मी गृहपाठ घेऊन बसायचे आणि एकही गणित सुटायचं नाही. त्या आवाजांची मला झोप यायची. अर्ध्या झोपेत मला जोंधळा आणि भात एकाच शेतात दिसायचे, आणि त्यांच्या बांधावर समुद्र.

एक दिवस तिनं टोपलीतून मेथी काढली. बोटभर उंचीची, पांढऱ्या देठांची, मुळांना रेती चिकटलेली. आईला हसू फुटलं. "ही मेथी का मेथीचं तान्हं?"

"चावून बग."

"कच्ची?" आई मागे सरकली. नियम सांगितला. मातीची ओळख वगैरे.

हिराबायनं ऐकलं. मग म्हणाली, "ती माती माज्या वलखीची हाय. माज्या घरामागची. सासऱ्यानं सासूला हलदीत दिलेली. पानी हिरीचं. खा तू."

आईनं एक काडी मुळासकट झटकली, पदराला पुसली आणि तोंडात घातली. मी श्वास धरून उभी. ती चावत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "मंदे, परात आन."

तो घोळाणा! तेल काढलं, कूट काढलं, कांदा बुक्कीनं फोडला. त्या मेथीला कडूपणा असा नव्हताच, नुसती आठवण होती कडूपणाची, आणि मागे खाडीच्या हवेचा एक कण खारटपणा. आईचा हात परातीत फिरत होता, हिरवा रस बोटांवरून ओघळत होता, हिराबाय म्हणत होती, "भात घे याच्यासंगं," आई म्हणत होती, "भाकरी बरी," आणि मी दोन्ही घेतलं. आण्णांसाठी वाटी झाकून ठेवली. संध्याकाळी ते आले, त्यांनी झाकण काढलं, आणि वाटीकडे बघत उभे राहिले. त्यांनाही तो नियम माहीत होता ना. त्या दिवशी त्यांनी मोरीत जाऊन विनाकारण दोनदा पाय धुतले.

झालं! मी मनात म्हटलं. राहिली आई. मला इतका आनंद झाला की मी शाळेत कबड्डीच्या संघात नाव देऊन आले.

माझी लेक आता मोठ्या काचेच्या भांड्यात सॅलड करते. करकरीत परदेशी पानं, ऑलिव्हचं तेल, लिंबू, वर भाजलेल्या बिया. चांगलं लागतं, खोटं कशाला बोलू. मी तिला म्हटलं, "अगं, हाच आमचा घोळाणा," तर म्हणाली, "आई, तुझं सगळं आधीच झालेलं असतं." खरं आहे पोरीचं. पण ती पानं चिमट्यानं उलथते. मी तिथे नसताना हातानं चुरते का, हे मला एकदा चोरून बघायचंय. पाल्याला हात लागावा लागतो हो. हात लागला की तो जरा खचतो, पाणी सोडतो, मीठ आत घेतो. माणसांचंही तसंच असावं असं मला हल्ली वाटतं, पण लेकीसमोर बोलत नाही. ती हसेल.

भोगी आली. आईनं तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या केल्या, हरभरा, गाजर, वांगी, पावटा, सगळ्यांची मिळून भाजी, आणि हिराबायकडे वाटी पाठवली. संक्रांत झाली. हिराबायनं आईला तिळगूळ दिला, आईनं तिला. सगळं कसं छान चाललं होतं. आणि किंक्रांतीच्या दुसऱ्या सकाळी मी शाळेला निघाले तर आई म्हणाली, "दप्तर ठेव. दुपारच्या गाडीनं जायचं हाय."

खोलीच्या मधे रेक्झिनची पिशवी भरलेली होती.

घोळाणा झाला होता, हसणं झालं होतं, मैत्रीण झाली होती, आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं? "पण तुला तर आवडतंय इथं," मी रडत म्हटलं.

"आवडायचा काय संबंद? ठरल्यालं ते ठरल्यालं," ती म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी आवरू लागली. भांडी फार आपटत होती.

आण्णा आले. खांद्यावर गोणपाट. त्यांनी पिशवी पाहिली. गोणपाट उलगडलं. चाकवत होता, असा की सगळ्या हिवाळ्यात तसा आला नव्हता. एकेक पान तळहाताएवढं, राखेरी चमक, एक डाग नाही. त्यांनी तो आईसमोर ठेवला.

"आता ह्यो कुनी शिजवायचा?" आई म्हणाली.

आण्णा भिंतीशी टेकून खाली बसले.

तेवढ्यात हिराबाय आली, आमच्या वाटेसाठी म्हणून तांदळाच्या भाकऱ्या बांधून घेऊन. तिनं आईकडे पाहिलं, माझ्या रडक्या तोंडाकडे पाहिलं, आणि आण्णांकडे पाहिलं. "काय गो, चाललीस?"

"संक्रांतीपतूर म्हनलं हुतं."

"कोनी?"

"मीच."

"आन ह्यो काय बोल्ला?"

"ह्ये?" आई फणकारली. "ह्ये कवा बोलल्यात?"

हिराबाय सरळ आण्णांसमोर जाऊन उभी राहिली. आमच्या गावात कुणा बाईची असं करायची छाती झाली नसती. "दादा, बायको ठेवायची हाय का धाडायची हाय? एकदा तोंडानं सांग, मंग मी भाकऱ्या देतंय."

आण्णांनी मान हलवली.

"मान नको. तोंड."

आण्णा चाकवताच्या जुडीची दोरी सोडत होते, बांधत होते. मग खाली बघतच म्हणाले, "रोज चांगली जुडी हुडकून आनत हुतो की."

"मग?" आई म्हणाली.

"मग... त्येच म्हनत हुतो."

आईच्या हातातलं पातेलं खाली पडलं की तिनं आपटलं, मला सांगता येणार नाही. "जुडी बोलती व्हय? तुमच्या आई-बाचं केलं, एकटीनं शेत केलं, थोरलीचं लगीन लावलं. एकदा तरी म्हनालासा का, चल माझ्यासंगं ऱ्हायला? खोली हाय आता म्हनं! आवो, खोली काय मला न्यायला आली हुती? मीच आपली आले. मीच मुदत घातली. कशापायी घातली? तुमी नगं जाऊ म्हनावं म्हनून घातली! समदी संक्रांत मी वाट बघतिया!" आणि ती रडायला लागली. माझी आई. जिला मी आजी गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

आण्णांचे ओठ हलले. पहिल्यांदा आवाजच आला नाही. मग आला.

"ऱ्हा," ते म्हणाले. "नगं जाऊस. मला एकट्याला जेवान जात न्हाई."

हिराबायनं भाकऱ्यांचं गाठोडं तसंच काखेला मारलं आणि निघून गेली. आईनं पदरानं तोंड पुसलं, नाक पुसलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जोंधळा काढाय ह्या साली तुमी जावा मग. आन् पोरीला शाळंत सोडून या आदी. दुसरा तास तरी गावंल."

मी दप्तर उचललं ते आण्णांच्या पुढे धावतच. आजवर ते मला कधी शाळेत सोडायला आले नव्हते, त्यांना शाळा कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि नाक्यापर्यंत पोचायच्या आत ते बोलायला लागले. बाजारातलं सांगत होते, पहाटे कुठल्या गावाची गाडी येते ते, चांगला चाकवत कसा ओळखायचा ते, खोलीवरच्या एका गाववाल्याला घोरताना कसं उलथं करायचे ते, आई लग्नात कशी दिसत होती ते. आडवे आलेले ट्रक गेले, सायकली गेल्या, आण्णा बोलतच होते, मधेच स्वतःशी हसत होते. दुसऱ्या तासाची घंटा झाली, रखवालदारानं फाटक उघडून धरलं, तरी मी आत गेले नाही, त्यांचं बोट धरून ऐकत उभी राहिले.